आधी विचारणाऱ्या मालनअक्का

मालनअक्कांच्या कॅमेऱ्याच्या पिशवीला चार कप्पे होते. पहिल्यात कॅमेरा, दुसऱ्यात लेन्स, तिसऱ्यात दोनशे पानी वही आणि चौथ्यात एक कंगवा, तळहाताएवढा आरसा व पत्र्याच्या डबीत सेफ्टी पिना. चौथ्या कप्प्यातील साहित्य वृत्तछायाचित्रणाच्या कोणत्याही पुस्तकात सांगितलेले नाही. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण संस्थेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तसले एक पुस्तक मागवून, पेन्सिलीने खुणा करीत वाचून काढले होते. उत्तम वृत्तछायाचित्र म्हणजे माणूस बेसावध असताना टिपलेले सत्य, अशी व्याख्या त्यात होती. मला व्याख्या आवडतात. ही मी अक्कांना वाचून दाखवली.

"सर," त्या म्हणाल्या, "बेसावध मानसाचं पाकीट घेत्यात. फोटो न्हवं."

पुस्तक मी कपाटात ठेवून दिले.

येथे संस्थेविषयी चार शब्द सांगणे आवश्यक आहे. कोल्हापुरात माणसावर संकट आले की तो एकटा रडत बसत नाही. तो सहकारी संस्था काढतो. दुधाची संस्था असते, पाण्याची असते, कर्जाची असते आणि कर्ज बुडाल्यावर न्याय मागणाऱ्यांचीही असते. जेव्हा वृत्तपत्रांनी आपापल्या जिल्हा आवृत्त्या आवरत्या घेतल्या आणि चांगल्या लिहित्या माणसांना व छायाचित्रकारांना घरी पाठवले, तेव्हा ती मंडळी रूढीप्रमाणेच वागली. शाहूपुरीत एका पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या घेऊन त्यांनी 'पंचधारा वृत्तलेख व छायाचित्र सहकारी संस्था मर्यादित' स्थापन केली. आम्ही जिल्ह्यात हिंडून सवडीने लेख आणि छायाचित्रे तयार करावीत व मुंबई-पुण्याच्या मासिकांनी, पोर्टलांनी ती घ्यावीत, असा हा व्यवहार होता. सर्व सभासद मालक होते. नोकर कोणीच नव्हता. त्यामुळे चहा कोणी आणायचा हा पहिल्या सर्वसाधारण सभेतील पहिला विषय ठरला. तो पुढील सभेवर ढकलण्यात आला आणि माझ्या माहितीप्रमाणे अद्याप तेथेच आहे.

अध्यक्ष प्रतापराव. आयुष्यभर एका दैनिकाचे जिल्हा कार्यालय त्यांनी सांभाळले होते आणि ठराव मांडल्याशिवाय त्यांना खिडकीही उघडता येत नसे. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला. मजकूर शुद्ध करण्यासाठी मला सभासद करून घेतले होते. नियमावलीचा मसुदाही माझ्याकडूनच लिहून घेतला गेला. त्या मसुद्याचा मला अभिमान होता. तो अभिमान कसा उतरला, हे पुढे यथाक्रम येईल.

व्यक्तीचे वर्णन करताना प्रथम बाह्यरूप घ्यावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. अक्कांचे बाह्यरूप थोडक्यात आटोपते. वय पंचावन्नच्या आसपास, ठेंगणा बांधा, सुती साडी, पायांत पुरुषी बूट आणि बुडाखाली फिकट निळी स्कूटर. आवाज मात्र थोडक्यात आटोपणारा नव्हता. गिरणी चालू असताना त्यांनी रस्त्यावरून "सर, हायसा का वर?" असे विचारले की गिरणीवाला गिरणी बंद करून वर बघे. आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी बोलताना 'आलो, गेलो' म्हणतात. हे सुधारण्याचा प्रयत्न शिक्षकाने एकदाच करावा. मी केला. "अक्का, 'आले' म्हणावे," असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आलो काय आन आले काय, पोचलो न्हवं?" यावर व्याकरणात उत्तर नाही.

त्या गारगोटीजवळच्या एका बौद्ध वस्तीत वाढल्या. गारगोटीच्या बाजारपेठेत एक स्टुडिओ होता. पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, लग्ने आणि अधूनमधून एखादे प्रेत, एवढे त्याचे कार्यक्षेत्र. अक्का तेथे झाडलोट करायला लागल्या आणि पाच वर्षांत मालकाला झाडलोट करायची वेळ आली. स्टुडिओतल्या सवयी त्यांनी पुढे वृत्तपत्रात आणल्या आणि तिथून आमच्या संस्थेत. समोर ऊसतोड मजूर असो वा आमदार, त्याला त्या आधी विचारत, "काढू का?" होकार आला की कंगवा पुढे होई. मग आरसा. मग पदर घसरत असेल तर पिन. एवढे झाल्यावर म्हणत, "आता हनुवटी जरा खाली, डोळं माझ्याकडं. तयार?" समोरचा माणूस तयार आहे अशी खात्री पटेपर्यंत बोट हलत नसे. दरम्यान घटना घडून संपून गेलेली असे, पण घटनेला कंगवा लावता येत नाही, तेव्हा तिच्याशी अक्कांना कर्तव्य नव्हते.

तिसऱ्या कप्प्यातील वहीत त्यांनी स्वतः पट्टीने तीन रकाने आखले होते. पहिला नावाचा, दुसरा गावाचा. तिसऱ्याला शीर्षक होते 'काय म्हणून'. छायाचित्र काढून झाले की त्या विचारत, "नाव काय म्हणून लावू?" लोक आधी गोंधळत, मग विचारात पडत, मग सांगत. बसस्थानक झाडणाऱ्या एका बाईने 'तीन पोरी बारावी केलेली' असे लावायला सांगितले होते. गगनबावड्यात चहाची टपरी चालवणारा एक म्हातारा रोज पत्र्याच्या डब्यात पाऊस साठवून पट्टीने मोजत असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आकडा सांगत असे. त्याने स्वतःला 'पाऊस मोजणारा' म्हणवून घेतले. या नोंदी जशाच्या तशा छायाचित्राखाली छापल्या जाव्यात, असा अक्कांचा हट्ट असे. 'सफाई कामगार' आणि 'चहाविक्रेता' हे शुद्ध व सुटसुटीत शब्द मी सुचवले, तेव्हा त्यांनी मला विचारले, "तुमचा फोटो लागला तर खाली 'पेन्शनर' लिवू?"

मी दोन्ही नोंदी तशाच ठेवल्या.

एका सकाळी शहराच्या कडेला उसात गवा शिरला. असा प्रसंग आला की कोल्हापूरकर वनविभागाला कळवतो, पण त्याआधी मोबाइल घेऊन स्वतः जातो. हजारभर माणसे गव्याभोवती जमली. काही झाडांवर चढली आणि काहींनी लहान मुलांना खांद्यावर घेऊन गवा कुठे आहे हे गव्याच्या दिशेने बोट करून दाखवले. जिल्ह्यातील प्रत्येक छायाचित्रकार तेथे होता. अक्काही होत्या. दुपारी त्यांनी आणलेली छायाचित्रे प्रतापरावांनी एकेक करून पाहिली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली आणि मग विचारले, "अक्का, गवा कुठे आहे?"

"माझ्या पाठीमागं हुता."

"पाठीमागे?"

"भ्यालेलं जनावर हाय ते, साहेब. त्ये तयार न्हवतं. ही समदी तयार हुती." छायाचित्रात पाचशे माणसे दात काढून, मोबाइल उंच धरून, अक्कांच्या मागच्या एका मुक्या जनावराकडे पाहत होती. काहींनी केससुद्धा विंचरलेले होते.

दुसऱ्या दिवशी सर्वांच्या अंकात गवा आला आणि आमच्याकडून कोल्हापूर गेले. छायाचित्र कोणी घेतले नाही. पुढे वनविभागाने मात्र ते मागून नेले आणि शाळांमधून 'असे वागू नये' या शीर्षकाखाली लावले. संस्थेच्या अहवालात याची नोंद 'शैक्षणिक क्षेत्रातील योगदान' अशी आहे. ती मीच केली.

दुसरा प्रसंग एका पुढाऱ्यांच्या बंगल्यावरचा. कोणत्या, ते सांगत नाही. जिल्ह्यात बंगले पुष्कळ आहेत. त्यांना कामात बुडालेले छायाचित्र हवे होते. म्हणून ते फाइल उघडून, कपाळाला आठी घालून बसले. अक्कांनी कॅमेरा खाली घेतला.

"साहेब, फाइल उलटी हाय."

साहेबांनी फाइल सुलटी केली. आठी तशीच ठेवली. छायाचित्र झाल्यावर अक्कांनी वही काढली. "नाव काय म्हणून लावू?"

साहेबांनी एका दमात नऊ पदे सांगितली. अक्कांनी रकान्याची रुंदी दाखवून एकच निवडायला सांगितले. साहेब पहिले पद सोडायला तयार नव्हते आणि नववे सोडले तर नवव्याचे लोक रागावणार होते. पाव तास गेला. शेवटी अक्कांनी विचारले, "बरं, घरात काय म्हनत्यात?"

साहेब विचारात पडले. "घरात?" ते म्हणाले. "घरात 'आला का' म्हणतात."

तेवढ्या एका वाक्यापुरते ते गृहस्थ मला बरे वाटले. अक्कांनाही वाटले असावेत, कारण त्यांनी तेव्हाच एक छायाचित्र आणखी काढले. ते अत्यंत उत्तम आले होते. साहेबांच्या कार्यालयाने फाइलवालेच मागून घेतले.

या पद्धतीमुळे संस्था मागे पडत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्थापनेच्या सभेतच अक्कांनी मागणी केली होती की छायाचित्र आधी त्यातल्या माणसाला दाखवायचे आणि मग बाहेर द्यायचे. तेव्हा सगळे उत्साहात होते. उत्साहात सहकारी संस्था काहीही मंजूर करते. मी पुढील नियम लिहून दिला: 'छायाचित्रात ज्या व्यक्तीचा चेहरा ओळखू येतो, त्या व्यक्तीस ते छायाचित्र प्रसिद्धीपूर्वी दाखवण्यात यावे व तिचे म्हणणे ऐकून घेण्यात यावे.' सभेने टाळ्या वाजवल्या. अक्कांनी मला विचारले होते, "यात समदं आलं न्हवं, सर?" मी म्हणालो होतो, "सगळे आले."

मग तो पावसाळा आला, ज्यात पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही नद्यांनी आपापल्या मर्यादा सोडल्या. कुरुंदवाडकडील वस्त्या पाण्याखाली गेल्या. मुंबईच्या एका मोठ्या पोर्टलने आमच्याकडे पुराची छायाचित्रे मागितली. ती पसंत पडली तर वर्षभराचे काम आमच्या संस्थेला मिळणार होते. वर्षभराचे काम म्हणजे संस्था आणखी वर्षभर जगणे, हे प्रत्येक सभासदाला ठाऊक होते. अक्का आणि सचिन देसाई असे दोघे रवाना झाले. सचिन चाळिशीचा, हुशार, चपळ आणि पुरस्कारांच्या बाबतीत अतिशय नियमित माणूस. अर्ज भरण्याची शेवटची तारीख त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ असे.

अक्कांचे छायाचित्र आधी आले. एका शाळेत पूरग्रस्तांना आसरा दिला होता. शाळेच्या व्हरांड्यात वीसेक बायका दोन रांगांत बसल्या होत्या, पुढच्या मांडी घालून, मागच्या बाकावर. सर्वांचे केस विंचरलेले, पदर नीट, नजर सरळ. मागे, शाळेच्या फाटकापर्यंत पाणी. पोर्टलच्या संपादक मॅडमचा दूरध्वनी आला, तो प्रतापरावांनी सर्वांना ऐकू यावा म्हणून टेबलावर ठेवला.

"फोटो छान आहे हो, पण त्या पूरग्रस्त वाटत नाहीत. सहलीला आल्यासारख्या वाटतात."

"मागं पाणी दिसतंय की," अक्का म्हणाल्या.

"हो, पण चेहऱ्यावर दिसत नाही ना."

"चेहऱ्यावरचं त्यांनी पुसून घेतलंय, बाई. फोटो हुता म्हणून."

मॅडमनी 'दुसरे काही' मागितले. दुसरे काही सचिनकडे होते. घराच्या दारात, मांडीपर्यंत पाण्यात उभी असलेली एक म्हातारी. केस सुटलेले, पदर पाण्यात, एक हात पुढे आणि तोंड एवढे उघडलेले की पाहणाऱ्याने कान झाकावेत. सचिनने ते दूरच्या नावेतून, मोठ्या लेन्सने टिपले होते. आम्ही ते मॅडमना पाठवले.  त्यांनी पाच मिनिटांत शीर्षक कळवले, 'महापुराचा आक्रोश', आणि वर्षाचा करार तयार करायला घेतल्याचेही सांगितले.

"दाखवलं का तिला?" अक्कांनी विचारले.

सचिन म्हणाला, "अक्का, नावेतून काढलाय. नावसुद्धा माहीत नाही."

"मग नियम हाय न्हवं आपला?"

प्रतापरावांनी माझ्याकडे पाहिले. मी नियमावली काढून वाचली. नियम होता. पाणी उतरेपर्यंत थांबायला मॅडम नाइलाजाने तयार झाल्या आणि पाणी उतरल्यावर अक्का त्या छायाचित्राची प्रत घेऊन निघाल्या. मजकूर माझ्या अखत्यारीत येत असल्यामुळे मीही गेलो. स्कूटरवर बसायला मी नकार दिल्याने आम्ही एसटीने गेलो.

वाटेत अक्का क्वचित बोलत. त्या दिवशी शिरोळ येण्यापूर्वी एकदाच बोलल्या, तेही खिडकीबाहेर बघत.

"माझ्या आईचा एकच फोटो हाय, सर. रस्त्याच्या कामावर कुण्या सायबानं काढलेला. एका सरकारी पुस्तकात गावला मला, ती गेल्यावर. डोक्यावर पाटी, तोंड वासलेलं. खाली लिवलंय, 'श्रमिक स्त्री'. तिचं नाव गंगू हुतं."

एवढ्यात शिरोळ आले.

कुरुंदवाडात म्हातारीचा शोध दोन तासांत लागला. तिचे नाव तानूबाई. घराच्या भिंतींवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. अंगणात उन्हात पोते अंथरून तिने शिलाई मशीन खोलून मांडले होते आणि एकेका भागाचा गंज चिंधीने काढत बसली होती. कोपरापर्यंत हात तेलाने माखलेले. अक्का शेजारी बसल्या, आधी मशीनची चौकशी केली आणि मग छायाचित्र पुढे धरले.

"ही मी?" तानूबाई म्हणाली.

"व्हय, मावशी."

"तोंड किती उघडलंय बघ की."

मी हलक्या आवाजात म्हणालो, "फार रडत होतात तुम्ही. साहजिक आहे."

तानूबाईने माझ्याकडे असे पाहिले, जसे मी पस्तीस वर्षे चुकीचे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहत आलो. "कोन रडतंय? पावणं, मी रडायला लागलो की माझा आवाज येत न्हाय. ह्यात मी शिव्या देतोय."

"शिव्या?"

"मग? त्यो नाववाला. वरच्या आळीतल्या पाटलाचा फ्रिज घेतला नावंत, आन माझ्या मशीनीला जागा न्हाय म्हणला. चाळीस वर्सं खाल्लं म्या ह्या मशीनीवर. म्हणलं मी न्हाय येत, मशीन घे. तर हसाय लागला."

अक्कांनी वही उघडली. "मग काय म्हणला तुमी त्याला?"

तानूबाईने सांगितले. क्रमवार, न थांबता, बोटे मोजत. अक्कांनी एकही शब्द न गाळता लिहून घेतला. मी त्या वेळेत शेजारच्या घराच्या कौलांची बारकाईने पाहणी केली.

"छापू का, मावशी?"

"छाप की. मला काय चोरी हाय." मग तिची चिंधी थांबली. "पर खाली खरं लिव. रडतोय म्हणून लिवलं तर त्यो म्हणंल, म्हातारी हरली. त्याच्याच दारावरनं रोज जायाचं हाय मला."

"जे हाय तेच येईल," अक्का म्हणाल्या. "माझा शब्द."

'काय म्हणून' या रकान्यात 'शिवणकाम करणारी' अशी नोंद झाली. एसटीच्या थांब्यावर मी ओळ तयार केली: 'कुरुंदवाड येथील तानूबाई, शिवणकाम करणाऱ्या. शिलाई मशीन मागे ठेवून फ्रिज नेणाऱ्या नावाड्याला जाब विचारताना.'

"जाब म्हंजे शिव्याच न्हवं?" अक्कांनी विचारले.

"सभ्य भाषेत."

"मग हरकत न्हाय."

मुंबईला मात्र हरकत होती. शिव्या देणाऱ्या म्हातारीविषयी वाचकांना सहानुभूती वाटत नाही, असे मॅडमचे निरीक्षण होते. 'आक्रोश' राहिला तर करार, नाहीतर शुभेच्छा. प्रतापरावांनी तातडीची सभा बोलावली. गिरणीवाल्याला विनंती करून गिरणी बंद ठेवण्यात आली. संस्थेच्या इतिहासात असे पूर्वी घडले नव्हते.

प्रतापरावांनी नियम मोठ्याने वाचला. मी लिहिलेला. मग शांतपणे म्हणाले, "मंडळी, नियम आपण शंभर टक्के पाळला आहे. छायाचित्र दाखवण्यात आले. तिचे म्हणणे ऐकून घेण्यात आले. ऐकलेच पाहिजे, असे नियमात कुठेही नाही. सर, बरोबर आहे का?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी नियम पुन्हा एकदा वाचला. बरोबर होते.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

अक्का उठल्या. "मी शब्द दिलाय तिला."

"संस्थेने दिलेला नाही," प्रतापराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. "अक्का, आमचीही घरे आहेत."

"तिचंबी हुतं की," अक्का म्हणाल्या.

सचिन म्हणाला, "अक्का, मी काढताना मला खरंच रडणं दिसलं."

"लांबनं दिसतंय तसं," अक्का म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता; छायाचित्रकार छायाचित्रकाराशी बोलतो तसे बोलल्या.

'आक्रोश' कायम ठेवण्याचा ठराव मताला टाकण्यात आला. बाजूने बहुसंख्य हात वर झाले. विरोधात एक. मी तटस्थ राहिलो. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. पूर आलेला असताना उभे राहायला ती जागा फार सोयीची असते. विद्यार्थ्यांना हा शब्द शिकवताना मी हे उदाहरण कधी दिले नव्हते.

अक्कांनी राजीनामा दिला नाही. कार्यालयाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेल्या. राजीनामा नसल्यामुळे तो मंजूर करता आला नाही आणि त्यांचे सभासदत्व रद्द करायला लागणारी गणसंख्या पुढच्या एकाही सभेला भरली नाही. कागदोपत्री त्या आजही मालक आहेत.

'महापुराचा आक्रोश' देशभर गेला. यथाकाल त्याला एका प्रतिष्ठानचा पुरस्कारही मिळाला आणि पुरस्कारप्राप्त छायाचित्रांचे तीन दिवसांचे प्रदर्शन कोल्हापुरात भरले. तानूबाई भिंतीवर माणसापेक्षा मोठी लावलेली होती. उद्घाटनाला आलेले प्रमुख पाहुणे कलेतील जाणकार होते. ते तिच्यासमोर थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "काय वेदना आहे या चेहऱ्यावर."

"वेदना कसली," मागून आवाज आला. "शिव्या देतोय त्यो मी."

तानूबाई आली होती. नवे लुगडे, डोक्यावर नीट पदर. तिच्या शेजारी, कॅमेऱ्याशिवाय, मालनअक्का उभ्या होत्या. पाहुणे गडबडले. तानूबाईने त्यांना नाववाला, फ्रिज आणि मशीन ही सर्व हकीकत सांगितली आणि मग, पाहुण्यांनी 'असे का' म्हटल्यामुळे, ती नाववाल्याला नेमके काय म्हणाली हेही सांगितले. तो मजकूर मी येथे देऊ शकत नाही. शिक्षक असण्याचे काही तोटे असतात. दालनाच्या चारही कोपऱ्यांतून लोक येऊन उभे राहिले. मंचावर सरस्वतीवंदना सुरू झाली, तेव्हा खुर्च्यांवर फक्त प्रतापराव होते.

एक संयोजक अक्कांजवळ येऊन कुजबुजला, "आजींना जरा बाहेर बसवता का?"

"फोटो लावलाय न्हवं तुमी?" अक्का कुजबुजल्या नाहीत. "मग फोटोतलं माणूस आत चालत न्हाय व्हय?"

संयोजकाने वरिष्ठांना विचारून सांगतो असे सांगितले. तो परत आला नाही.

दुसऱ्या दिवशीही त्या दोघी सकाळच्या एसटीने आल्या आणि दार बंद होईपर्यंत थांबल्या, असे मला कळले. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. सांगता येते तेवढेच लिहावे हा नियम मी पाळतो. दुपारची वेळ. दालन जवळजवळ रिकामे. तानूबाई दमून त्या छायाचित्राखाली फरशीवर पाय पसरून बसली होती आणि फडक्यातली भाकरी खात होती. समोर एकच प्रेक्षक होता, हातात हेल्मेट घेतलेला कुणी कारकून असावा. त्याला अक्का हकीकत सांगत होत्या. तानूबाईच्या शब्दांत, तानूबाईच्या आवाजात, हात पुढे करून. नाववाल्यापर्यंत आल्या, शिव्यांना सुरुवात केली आणि दुसऱ्या शिवीला तानूबाईने खालून, घास गिळत, त्यांना थांबवले.

"न्हाय गं. आदी त्याच्या बापाचं. मग त्याचं."

मी दारातच थांबलो होतो. अक्कांनी मला पाहिले की नाही, सांगता येत नाही.

"चुकलं, मावशी," त्या म्हणाल्या. मग कारकुनाकडे वळून त्यांनी हात पुन्हा पुढे केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.